मुक्ताच्या तापाचा दावा

१ जानेवारी १९५७, मंगळवार. मु. सणसर.

आजपासून डायरी. पेन्शनीत निघालेल्या माणसाला शिस्त पाहिजे, नाहीतर दिवस कुठं गेला ते कळत नाही. पहाटे पाचला उठणं, थंड पाण्यानं आंघोळ, चहा दोनदाच, रोज थोडं इंग्रजी वाचन. आणि रामहरीला एक पैसाही न देणं.

उठायला साडेसात झाले. थंडी फार. पाणी तापवून घेतलं. उद्यापासून.

३ जानेवारी, गुरुवार

रामहरी आला होता. बारामतीहून सायकल मारत. पुढं कधी डायरी चाळली तर आठवावं म्हणून प्रकरण एकदा नीट लिहून ठेवतो.

परवाच्या वर्षी भाद्रपदात मुक्ताला, म्हणजे आमच्या मंडळींना, विषमज्वर झाला. मी त्या दिवसांत कॅनॉलचं पाणी सोडण्याच्या गडबडीत पाटाच्या चौकीवरच असायचो. बारामतीचे डॉक्टर केळुसकर मोटार घेऊन यायचे. पुण्याहून नव्या निघालेल्या कॅप्सूल मागवल्या. मुक्ता बरी झाली. मग डॉक्टरांनी दोनशे शहाऐंशी रुपये दहा आण्यांचं बिल पाठवलं. मी ते पाहिलं आणि बाजूला ठेवलं. बिलाबद्दल तक्रार नव्हती, पण दिवाळी तोंडावर होती. पुढच्या दिवाळीला पेन्शनीत निघताना पैसे मिळाले, तेव्हा बॅटरीवरचा रेडिओ घेतला. रेडिओचा आणि बिलाचा काही संबंध नाही. देशात काय चाललंय ते माणसाला कळायला नको?

आता डॉक्टर गेले मिरजेला, आणि जाताना आपली सगळी येणी या रामहरीला लिहून देऊन गेले. रामहरीचा धंदाच तो, दुसऱ्याची येणी वसूल करण्याचा. प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. मी लागत असेन तर डॉक्टरांचं देणं लागतो. रामहरीनं मुक्ताची नाडीसुद्धा बघितलेली नाही.

तो म्हणाला, "दोनशे द्या राव. बाकीचं सोडलं. मिटवून टाकू."

मी त्याला सांगितलं, मी कॅनॉल ऑफिसात जन्मभर पाणीपट्टीच्या नोटिसा लिहिल्या आहेत, मला घाबरवू नकोस. तो म्हणाला, "घाबरवत न्हाय राव. पण मग कोर्टात जावं लागंल. माझी इच्छा न्हाय." मी म्हणालो, खुशाल जा.

मुक्तानं त्याला चहा दिला. त्याच्याबरोबर मलाही घ्यावा लागला. तो तिसरा होता, पण पाहुण्याबरोबरचा चहा मोजत नाहीत.

१९ जानेवारी, शनिवार

बेलिफ समन्स घेऊन आला. लांबूनच ओळखला, सरकारी माणसाची चाल लपत नाही. मी मागच्या दारानं उसात गेलो. याला पळणं म्हणत नाहीत. समन्स हातात पडलं नाही तर दावा पुढं सरकत नाही, ही खुबी सामान्य माणसाला ठाऊक नसते.

उसात बराच वेळ बसलो. मुंग्या होत्या. तिथून ओटा दिसत होता. बेलिफ पाणी पीत मुक्ताशी गप्पा मारत होता. मालक कुठं गेलेत असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, "हितंच हायत, उसात. येतील की, जेवायची येळ झालीया." खोटं बोलायचं नाही हा तिचा गुण आहे. पण गुण कुठं वापरावा याला काही मर्यादा?

बेलिफ म्हणाला, मग समन्स दाराला डकवून जातो. दाराला दिवाळीत हिरवा ऑइलपेंट दिलेला आहे. मी बाहेर आलो आणि सही केली. बेलिफ म्हणाला, "साहेब, तुमच्या शिपायांनी आमच्या आळीत अशी किती दारं खराब केली." मी म्हणालो, ते सरकारी काम होतं.

१२ फेब्रुवारीची तारीख आहे. भरपूर वेळ आहे.

२२ जानेवारी, मंगळवार

बारामतीला जाऊन एका वकीलसाहेबांना भेटलो. नाव मोठं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, डॉक्टर आले होते का. म्हटलं, आले होते. बाई बऱ्या झाल्या का. म्हटलं, झाल्या. "मग पैसे देऊन टाका," म्हणाले. एवढ्या सल्ल्याचे पाच रुपये घेतले.

माणसात लढाऊपणा नाही. परत येताना एस.टी.त निर्णय घेतला: खटला स्वतः चालवणार. वकिलाचा खर्च शून्य. हॉटेलात भजी आणि चहा घेतला तो खर्च वेगळा.

२ फेब्रुवारी, शनिवार

कायद्याचा अभ्यास जोरात. आमच्या गावचे रिटायर्ड तलाठी आबासाहेब यांच्याकडून जाडजूड पुस्तक आणलं. जप्ती आणि वसुली यांच्या नावाखाली रामहरी जे करतो तो खरं म्हणजे दरोडाच. पण पुस्तकात दरोड्याला निदान पाच माणसं लागतात असं दिलंय. रामहरी एकटा आहे. मुद्दा सोडून द्यावा लागला. बनावट नाण्यांचं प्रकरण मात्र फार वाचनीय आहे.

संध्याकाळी आबासाहेब आले. म्हणाले, "हिंदुराव, हे फौजदारीचं पुस्तक झालं. तुमचा दावा दिवाणी हाय." दिवाणीचं पुस्तक त्यांच्याकडे नाही. होतं, पण त्यांच्या सुनेनं त्यावर पापड वाळत घातले आणि ते फुगलं.

हरकत नाही. वाचन कधी वाया जात नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

कैफियत लिहून पूर्ण झाली. कैफियत म्हणजे प्रतिवादीनं कोर्टाला दिलेलं लेखी उत्तर. भाषा भारदस्त झाली आहे. मुक्ताला वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. शेवटी मी विचारलं, कशी वाटली? म्हणाली, "लई हाय."

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली तारीख. एस.टी.त आमच्या गावचा गेणबा आणि आणखी काही शेतकरी भेटले. सगळे कोर्टातच चालले होते. मला वाटलं त्यांच्याही तारखा आहेत. पण ते माझा दावा ऐकायला आले होते. गावाचा पाठिंबा आहे हे बघून बरं वाटलं.

गेणबानं वाटेत विचारलं, "अण्णा, तुमची नोटीस आली की तुमी आमाला भरायला लावायचा. न्हाय भरलं तर पाणी बंद. मंग तुमी सोता का भरत न्हाय?" मी त्याला समजावलं की पाणीपट्टी हा सरकारचा पैसा आणि हे खाजगी देणं. त्यानं मान हलवली. पटलं असावं.

जज्जसाहेब तरुण आहेत. कैफियत चाळत चाळत ते म्हणाले, "रणवरे, यात नीरा कालव्याचा इतिहास आहे. डॉक्टरांच्या बिलाचं उत्तर कुठं आहे?" मी म्हणालो, शेवटच्या पानावर. त्यांनी शेवटचं पान ठेवून घेतलं आणि बाकीची परत दिली.

कोर्टातले कारकून इलेक्शनच्या कामाला जुंपलेत, त्यामुळे पुढची तारीख एकदम एप्रिलची. तारीख लांबली म्हणजे अर्धा दावा जिंकला, हे कुणीही सांगेल.

रामहरी बाहेर भेटला. म्हणाला, "राव, अजून मिटवू. दोनशे म्हनलंय ते दोनशेच." घाबरलाय.

८ मार्च, शुक्रवार

आज दुपारी पडल्या पडल्या असा मुद्दा सुचला की ताडकन उठून बसलो.

ताप कुणाला आला? मुक्ताला. औषध कुणी घेतलं? मुक्तानं. डॉक्टर कुणासाठी आले? मुक्तासाठी. त्यांना बोलावून आणलं कुणी? तिच्या भावानं, सिद्धूनं. मी घरात नव्हतोच, मी चौकीवर. मग माझा आणि डॉक्टरांचा करार झाला कधी? म्हणजे देणं आहे ते मुक्ताचं. आणि मुक्ताच्या नावावर काही नाही. ना जमीन, ना घर, ना रेडिओ. रामहरीनं काय न्यायचं ते न्यावं.

मुक्ताला हे समजावून सांगितलं. ती वांग्याच्या वाफ्यात पाणी धरत होती. पाटाच्या पाझरावर तिनं परसात थोडी भाजी केली आहे. तिनं विचारलं, "म्हंजी ताप माजा, डॉक्टर माजा, आन् बिल बी माजं?"

म्हटलं, कायद्यानं तसंच.

"आन् तुमी?"

म्हटलं, मी त्रयस्थ.

ती "बरं" म्हणाली आणि पुढच्या वाफ्याकडे गेली. बायकांना कायदा लवकर समजतो, आपणच सांगत नाही.

जेवताना भाजीला मीठ नव्हतं. सांगितलं तर म्हणाली, "घ्या की. डबा हितंच हाय."

१ एप्रिल, सोमवार

नवे पैसे आजपासून सुरू. रेडिओवर सकाळपासून तेच. रुपयाचे शंभर पैसे. आणा गेला.

रामहरीच्या दाव्यात काय लिहिलंय? दोनशे शहाऐंशी रुपये दहा आणे. जी वस्तू अस्तित्वातच नाही ती मागणारा दावा टिकेल कसा? उद्याच तारीख आहे. दैवाची साथ म्हणतात ती हीच.

२ एप्रिल, मंगळवार

मुद्दा मांडला. कोर्ट स्तब्ध झालं. जज्जसाहेबांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आणे अजून चालतात, रणवरे. तुम्ही येताना एस.टी.ला काय दिलंत?"

मी आणेच दिले होते. पण तो वेगळा प्रश्न.

रामहरीच उभा राहिला. "साहेब, राव म्हनत्यात तर दहा आणे सोडले आमी."

दावा कमी झाला. माझा पहिला विजय. गेणबाच्या लोकांनी बाहेर आल्यावर मला पेढे मागितले. चार आण्यांचे घेऊन दिले, मग आणखी चार आण्यांचे, कारण ते पुरले नाहीत. आणि दोन आणे पानाला.

साक्षीपुराव्याला २३ तारीख. डॉक्टर केळुसकर मिरजेहून येणार. मी माझ्यातर्फे एकच साक्षीदार दिला आहे: सौ. मुक्ताबाई हिंदुराव रणवरे. रामहरीच्या वकिलानं नाव ऐकून डोळे मोठे केले. हादरला.

१४ एप्रिल, रविवार

मुक्ताची साक्ष तयार करून घेतोय. तीनच प्रश्न ठेवलेत. तुम्ही तापात बेशुद्ध होता ना? उत्तर, व्हय. मी तेव्हा घरात होतो का? उत्तर, न्हाय. मी डॉक्टरांशी काही बोलल्याचं तुम्ही ऐकलं का? उत्तर, न्हाय. एक व्हय, दोन न्हाय. लहान पोरालाही पाठ होईल.

ती म्हणाली, "पर कोर्टात देवाची शपत घेत्यात ना?"

म्हटलं, घेतात. तो रिवाज आहे.

"मंग इचारा तितंच. मी सांगीन."

सहकार्य चांगलं आहे. ताप एकवीस दिवसांनी आपला आपण उतरतोच, डॉक्टर नसते तरी तू उठलीच असतीस, हेही तिला सांगून ठेवलं. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग उठून गोठ्यात गेली आणि खूप वेळ आली नाही. म्हशीचं काहीतरी असेल.

२३ एप्रिल, मंगळवार. घरी परत आल्यावर.

आज साक्षी झाल्या. जसं झालं तसं लिहितो. अपिलात उपयोगी पडेल.

कोर्टात गर्दी होती. गावातून बायकासुद्धा आल्या होत्या. माझी भावजय सारजा, शेजारची छबूबाई, सगळ्या नवी लुगडी नेसून.

डॉक्टर केळुसकर थोडे वाळलेत. मला वाटलं मला बघून चपापतील. ते माझ्यावरून सरळ मुक्ताकडे गेले. म्हणाले, "वहिनी, आता भूक लागते का?" ती म्हणाली, "लागती की. दोन येळंला भाकरी जाती." डॉक्टर हसले, आणि तिनं पदर सारखा केला. उघड उघड माझ्या साक्षीदारावर दबाव. मी हरकत घेतली. पट्टेवाला म्हणाला, साहेब अजून आत आलेले नाहीत, कुणाकडे हरकत घेताय.

डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की आतड्याला धोका होता, दोनदा त्यांनी आशा सोडली होती, गोळ्या वेळेवर आल्या म्हणून निभावलं. मी उलटतपासाला उठलो. नेमका प्रश्न टाकला: विषमज्वर एकवीस दिवसांनी आपोआप उतरतो, हे खरं की नाही?

"उतरतो," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळदा माणूस गेल्यावर उतरतो."

लोक हसले. मी म्हणालो, उतरतो हे लिहून घ्यावं. साहेबांनी सगळंच लिहून घेतलं.

मग मुक्ता. पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा कठड्यावरून तिचं तोंडच तेवढं दिसत होतं. शपथ घेतली. मी पहिला प्रश्न विचारला. बेशुद्ध होता ना?

"कदी हुते, कदी न्हवते."

पाठ नीट झालेलं नव्हतं. दुसरा प्रश्न. मी तेव्हा घरात होतो का?

"घरात न्हवता."

मी साहेबांकडे बघितलं. तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "ओट्यावर हुता. रातच्याला निजायला पाटाच्या चौकीवर जायचा. दिसाचं ओट्यावर बसायचा. आत येत न्हवता. ताप लागंल म्हनून."

मागं सारजा काहीतरी बोलली आणि बायका खुसखुसल्या. इथं थांबायला हवं होतं हे आता कळतंय. पण तिसरा प्रश्न तयार होता, आणि तयार प्रश्न गिळता येत नाही. मी विचारलं, मी डॉक्टरांशी काही बोलल्याचं तुम्ही ऐकलं का?

ती माझ्याकडे बघून बोलली. चिडून नाही. घरात बोलते तसंच.

"ऐकलं. त्या दिशी मला दिसत काय बी न्हवतं. पर दाराच्या भायेरनं तुमचा आवाज आला. तुमी डॉक्टरला म्हनला, पैशाकडं बगू नका, काय लागंल ते देतो, पर हिला वाचवा. तुमी रडत हुता. मला वाटलं, ह्यो मानूस कवा रडत न्हाय. माज्यासाठनं रडतुया. मंग आपुन उठाय पायजे. तवा मी पेज मागितली. तवर पानी बी जात न्हवतं. ह्ये मी आजपतोर कुनाला सांगितलं न्हाय. सांगायचं काय त्यात."

कोर्टात कुणी हसलं नाही. रामहरीच्या वकिलानं उभं राहून सांगितलं, आम्हाला उलटतपास करायचा नाही. साहेबांचं लिहिणं चालू होतं. टाकाचा आवाज येत होता.

मी रडलो नव्हतो. भाद्रपदातल्या उन्हानं डोळ्यांना पाणी येतं, हे रेकॉर्डवर आणायला पाहिजे होतं. उठलोही. पण कागद गोळा केले आणि खाली बसलो.

परत येताना ती एस.टी.त पुढं बायकांत बसली. मी मागं गेणबाशेजारी. गेणबानं मला तंबाखू दिली. मी खात नाही हे त्याला माहीत आहे. तरी घेतली.

२४ एप्रिल, बुधवार

आज लिहिण्यासारखं काही नाही.

२७ एप्रिल, शनिवार

थंड डोक्यानं विचार केला. साक्ष एकूण आपल्या बाजूचीच झाली. ती भावनेच्या भरात बोलली हे साहेबांच्या लक्षात आलंच असेल. शिकलेले आहेत.

मुक्ताशी या विषयावर बोलायचं ठरवलं होतं. सकाळी ती भाकऱ्या करत होती म्हणून बोललो नाही. दुपारी झोपली होती. संध्याकाळी मला बातम्या ऐकायच्या होत्या. रेडिओ लावला, पण काय सांगत होते ते लक्षात नाही.

३० एप्रिल, मंगळवार

निकाल. दावा खर्चासह मंजूर.

साहेबांनी वाचून दाखवलं. बायकोच्या औषधपाण्याचा खर्च नवऱ्याचा, तो त्रयस्थ होऊ शकत नाही. शिवाय प्रतिवादीनं डॉक्टरांना शब्द दिला होता आणि तो शब्द प्रतिवादीच्याच साक्षीदारानं शाबीत केला. महिना पंचवीस रुपयांचे हप्ते, पहिला जूनमध्ये. कोर्टखर्च धरून रक्कम रामहरी आधी मागत होता त्यापेक्षा बरीच वर गेली. दहा आणे मात्र सुटले आहेत, ही नोंद कुणी पुसू शकत नाही.

बाहेर रामहरीनं चहा पाजला. नाकारणार होतो, पण ऊन फार होतं. तो म्हणाला, "राव, तुमी तिसरा सवाल इचारायला नगो हुता." मी म्हणालो, तुला कायद्यातलं काय कळतं. तो म्हणाला, "कायद्याचं न्हाय म्हनत मी." आणि कपबशी खाली ठेवून गेला.

९ मे, गुरुवार

अपील करणार. पुण्याच्या कोर्टात. इथल्या तरुण माणसाला मुद्दा पेलला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मोठ्या नावाच्या त्याच वकीलसाहेबांकडे पुन्हा गेलो. म्हणाले, अपिलाचा खर्च आणि पुण्याच्या खेपा धरल्या तर दुसरं बिल होईल. "आणि त्या बाईंची साक्ष वाचली मी," म्हणाले. "पुण्यात ती पुन्हा मोठ्यानं वाचतील. चालेल तुम्हाला?" मी म्हणालो, विचार करतो. या वेळी त्यांनी पाच रुपये घेतले नाहीत. ते मला आवडलं नाही.

अपील कायम. तयारी उद्यापासून.

२० मे, सोमवार

हल्ली मुक्ता रोज सकाळी लवकर उठून भाजी काढते. वांगी, गवार, थोडी मिरची. टोपली घेऊन एस.टी.नं बाजाराला जाते, कधी इंदापूर, कधी बारामती. छबूबाई बरोबर असते. मी विचारलं, ही धावपळ कशासाठी? रिटायर्ड माणसाच्या बायकोनं बाजारात बसणं बरं दिसत नाही.

"हप्ता हाय जूनमदी," ती म्हणाली.

मी सांगितलं, अपील होणार आहे, वसुलीला स्थगिती मिळेल, कॅनॉल ऑफिसात मी अशा पुष्कळ स्थगित्या पाहिल्या आहेत.

"तुमी लढा की," ती म्हणाली. "मी भरती."

यात टोमणा होता का हे मला ठरवता आलं नाही. आवाजात तरी नव्हता.

टोपली जड होती. फाट्यापर्यंत मी नेली. सकाळचा व्यायाम म्हणून. वाटेत गेणबानं बघितलं.

२८ मे, मंगळवार

पेन्शन आली. तिच्यातले पंधरा रुपये मुक्ताच्या पुढं ठेवले. घरखर्चाला, म्हटलं. तिनं मोजले आणि निम्मे परत दिले. म्हणाली, "अपिलाला लागतील."

रोज पाचला जाग येते. ती उठलेली असते. मी पडून राहतो, कारण उठून काय करायचं ते ठरलेलं नाही.

६ जून, गुरुवार

पहिला हप्ता भरला. मी निव्वळ सोबत म्हणून गेलो होतो, हे नमूद करतो. बारामतीचा बाजार होता. टोपली विकून होईपर्यंत मी मारुतीच्या देवळाच्या सावलीत बसलो. मग दोघं रामहरीच्या खोलीवर गेलो.

रामहरीनं मुक्ताला खुर्ची दिली. मला बाकावर बसायला सांगितलं. तिनं पदराची गाठ सोडली आणि पैसे टेबलावर ठेवले. जुनी नाणी, नवी नाणी, चुरगळलेल्या नोटा. रामहरीनं मोजले नाहीत. पावतीपुस्तक काढलं आणि म्हणाला, "रावांच्या नावानं फाडतो."

"माज्या नावानं फाडा," मुक्ता म्हणाली. "ताप मला आलता."

रामहरी म्हणाला, "वहिनी, हुकूम रावांवर हाय."

"आसूंद्या."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सांगणार होतो की कायद्यानं असं करता येत नाही. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. टेबलावरच्या शाईकडे बघत होती. म्हटलं, फाड.

तिला सही येत नाही. पुस्तकातल्या प्रतीवर तिचा अंगठा घेतला. अंगठ्याला ओळखणारा लागतो. रामहरीनं टाक माझ्यापुढं केला आणि म्हणाला, नाव लिहा, पुढं नातं लिहा. मी लिहिलं: हिंदुराव रावजी रणवरे, नवरा.

"आता एक रीत हाय राव, इचारावं लागतं," तो म्हणाला. "ह्या बाईंना तुमी सोता वळखता ना?"

साधा प्रश्न होता. कॅनॉल ऑफिसात मी शेकडो अंगठ्यांच्या वेळी हाच प्रश्न विचारला आहे. पण मी टाक पुन्हा शाईत बुडवला, लिहायचं काही उरलं नसताना. रामहरी टीपकागद धरून थांबला होता.

मुक्तानं अंगठ्याची शाई केसांना पुसली.

"वळखत्यात," ती म्हणाली. "लिवा तुमी."